मास्तरची बाग : सावली, पाणी

हमीद, मागच्या रविवारी आपल्या सायकल ग्रुपनं तुझा नकाशा रद्द केला. रीतसर हात वर करून केला. बारा जण होते, बाराही हात वर गेले. त्यातला एक माझा होता.

तुले वाटेल मास्तर मस्करी करून राहिला. नाही बापा. परतवाड्याले निखिलच्या घरी, पोह्याच्या प्लेटा हातात घेऊन हे झालं. निखिल म्हणजे आपला बँकवाला, ज्याच्या सायकलीचं टायर बदलताना तू म्हणायचा, एवढ्या किमतीत माहं अख्खं दुकान येते. त्यानं भिंतीवर चादर लावली आणि तीन नकाशे दाखवले. पावसाळ्यानंतरच्या साऱ्या राईडी आणि मेळघाटातले पायी ट्रेक कोणत्या नकाशावर आखायचे, ते एकदाचं ठरवायचं होतं.

पहिला नकाशा मोठ्या कंपनीचा, फोनसोबत फुकट येणारा. तो मोटारवाल्यांचा. चांदूर बाजारले जायचं म्हटलं की ट्रकच्या रस्त्यावर नेऊन सोडते, वावरांमधून जाणारी पांदण त्याच्या गावी नाही. दुसरा विदेशी, वर्गणीवाला. चिखलदऱ्याचा घाट कुठं चढते, कुठं दम लागेल, हे लाल-पिवळ्या रंगात दाखवते, रेंज नसली तरी चालते. दिसाले फार देखणा. तिसरा तुझा. म्हणजे लोकांचा, कोणीही उघडावा, आपल्या गावची वाट त्यावर आखावी, चुकली असेल तर खोडावी. पण अचलपूरपासून वरूडपर्यंतच्या पट्ट्यात त्याच्यावर जे काही आहे, ती प्रत्येक पांदण, प्रत्येक हातपंप, प्रत्येक चिंचेचं झाड, ते तू आखलेलं. म्हणून आपण त्याले हमीदचा नकाशाच म्हणायचो.

निखिल मले म्हणाला, "सर, हमीदभाईंबद्दल पूर्ण आदर आहे. पण जो माणूस स्वतःच्या नकाशावर रस्ता चुकून मेला, त्या नकाशावर आपण लोकांना घेऊन कसं जायचं?"

 यावर एकच माणूस बोलू शकत होता, आणि तो मूग गिळून बसला होता. मी पोह्यातले शेंगदाणे एकीकडे केले आणि हात वर केला.

तुझ्यावर लोक आता हसतात, हे बी सांगून टाकतो. फार वाईट हसत नाहीत, पण हसतात. चहाच्या टपरीवर म्हणतात, साऱ्या जिल्ह्याले रस्ता दाखवणारा हमीद पंक्चरवाला आपणच रस्ता चुकला. पोरगं कुठं उशिरा पोहोचलं की बाप विचारते, हमीदचा नकाशा पाहून गेलता काय बे. तुझ्या अख्ख्या आयुष्याची एवढी कमाई उरली. तुले शिक्षण नव्हतं, तुझ्या दुकानाले धड पाटी नव्हती. एक गोष्ट होती तुझ्याजवळ मिरवाले, की हमीद कधी रस्ता चुकत नाही. ती गेली. ती कशी गेली ते मले माहीत आहे, आणि ते आता मी इथं बसून लिहून राहिलो.

आपली ओळख काही फार जुनी नव्हती. डॉक्टरनं माझी साखर पाहून सायकल चालवा म्हटलं, आणि मी सेकंडहँड सायकल घेऊन तुझ्या दुकानात आलो. तू चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, हे सायकल नाही, भंगार हाये. पन तुमी बी काही नवे नाही." पहिल्याच भेटीत. मी भूगोलाचा मास्तर, तालुक्यात लोक मले उठून नमस्कार करतात. मले राग आला आणि दुसऱ्या दिवशी मी परत आलो. महिन्याभरात तू मले 'अबे मास्तर' म्हणाले लागला, मी तुले काय म्हणायचो ते छापता येत नाही.

तुझा एक नियम होता. चाक फिरलं तरच रेघ. ज्या वाटेवर तुझं चाक गेलं नाही ती वाट तू नकाशावर आखायचा नाही, मग ती वरच्या फोटोत कितीही साफ दिसू दे. आठवते, मी एकदा शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून, उपग्रहाच्या फोटोवरून, चांदूर बाजारच्या पलीकडची एक पांदण आखली होती. मले वाटलं तू शाबासकी देशील. तू सायकल काढून तिथं गेला. दोन्ही टायरमध्ये बोराटीचे काटे घेऊन आला आणि माझ्यासमोर ती रेघ खोडली. पांदणीच्या दोन्ही बाजूचे वावरवाले दर साली नांगरताना धुऱ्याचा बांध कोरत कोरत आत आले होते, उरलेल्या तुकड्यावर बोराटी टाकून वाट बंद केली होती.

"वरून फोटू काढनाऱ्याले काय मालूम, खाली कोनं काय कोरलं?" तू म्हणाला. "नकाशा म्हंजे गवाही हाये मास्तर. जो जाऊन आला त्यानंच द्यावी."

मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. भूगोल मी शिकवतो, आणि रेघ हा खोडते. नवव्या दिवशी तूच भाभीच्या हातचा खिचडा डब्यात घालून घरी आला. माफी मागितली नाही, डबा ठेवला आणि म्हणाला, "रेघ नाही टाकनार. खिचडा खा."

त्या नकाशावर फक्त एक जागा अशी होती की जी माझ्या नावानं होती. शेंदूरजनाघाटच्या अलीकडची आमची संत्र्याची बाग. माझ्या बापानं लावलेली, माझे मोठे भाऊ नाना पाहायचे. पहिल्यांदा तुले तिथं घेऊन गेलो तो दिवस माझ्या आयुष्यातला मोठा रुबाबाचा दिवस होता, आज सांगाले हरकत नाही. झाडं फळानं वाकलेली, विहिरीवर मोटर चालू, नानानं तुले झाडाखाली भाकरी आणि ठेचा वाढला. तू विहिरीचं पाणी डोक्यावर घेतलं आणि म्हणाला, जन्नत हाये बे. मग फोन काढला. पण टाकण्याच्या आधी नानाले विचारलं, "नाना, इथं कोनी प्यासा आला तं पानी देसान ना? देनार असान तरच टाकतो." नाना म्हणाले, "पान्याले कोन नाही म्हनते रे पोरा?" तवा तू लिहिलं : मास्तरची बाग, सावली, पाणी. झाडाचं चिन्ह टाकलं, नळाचं चिन्ह टाकलं. मी म्हटलं, 'मास्तरची' मोठ्या अक्षरात टाक.

त्यानंतर मी तुले ती बाग किती वेळा ऐकवली असेल. वाद झाला की बाग. तू पंक्चर काढताना हात काळे करून बसला की मी म्हणायचो, आमच्यासारखी बाग असती तर असा बसला असता काय? तू हसायचा. तुझ्या हसण्यानं मले कधी वाटलं नाही की मी नीचपणा करून राहिलो.

तीन वर्षांआधी बाग तोडली.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं. विहीर आटली, मग एकामागं एक बोअर मारले, शेवटच्या बोअरमधून नुसता धुळीचा धुपट निघाला. झाडं शेंड्याकडून वाळत खाली आली. एका सकाळी जेसीबी आला आणि संध्याकाळच्या आत बापानं लावलेलं एक झाड उभं नव्हतं. लाकूड आरा मशीनवाला घेऊन गेला. नानानं बोलावलं होतं, मी ताप आला म्हणून सांगितलं आणि शाळेत गेलो. त्या दिवशी नववीच्या वर्गात भूजल शिकवलं.

आणि यात लपवण्यासारखं काय होतं हमीद? सारा तालुका बागा तोडून राहिला होता. ज्याच्या त्याच्या वावरात जेसीबी. नानानं लपवलं नाही, त्यानं त्याच जागी तूर पेरली आणि ज्याले त्याले सांगितलं. लपवलं मी. आणि तेही फक्त तुझ्यापासून. कारण जगात तूच एक माणूस होता ज्याच्यासमोर मी ती बाग मिरवली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी ती तीन वर्षं झाकून ठेवली. दर हंगामाले परतवाड्याच्या बाजारातून संत्री घ्यायचो, जुन्या पोत्यात भरायचो आणि तुझ्या घरी आणून टाकायचो. नानानं पाठवली म्हणायचो. तू फोड तोंडात टाकून म्हणायचा, बागेचं पानीच वेगळं हाये बे. मी मान हलवायचो.

ऊन तापाले लागलं की तू दर साली पाण्याची फेरी करायचा, हे ग्रुपमधल्या कोणाले माहीत नव्हतं. कोणता हातपंप चालू, कोणता मेला, कोणत्या विहिरीत दोर पुरते, हे स्वतः जाऊन पाहायचा आणि जे आटलं ते नकाशावरून काढायचा. दुकान बंद ठेवून. बागेची खबर मात्र तू माझ्याच तोंडून घ्यायचा, म्हणून मागची तीन वर्षं तिकडं फिरकला नव्हता. मागच्या दोन-तीन वर्षांत तुझं आखणं थांबलं होतं, नुसतं खोडणंच चालू होतं. एकदा म्हणाला, "मास्तर, नकाशा बनवून राहिलो का मिटवून राहिलो, काही समजत नाही."

यंदा निघायच्या आदल्या दिवशी तू फोन केला. "उद्या शेंदूरजनाघाटकडे जाऊन राहिलो. येतं का?"

मी म्हटलं, गुडघा धरला. गुडघा ठणठणीत होता.

"बरं. बागेत पानी हाये ना बे? तिकडच्या शेवटच्या पट्ट्यातले तीन बी हातपंप मेले म्हने दूधवाला."

इथं मी थांबू शकत होतो. एक शब्द बोलायचा होता. नाही. तेवढाच.

मी म्हटलं, "हाये ना. बागेत पानी नाही राहील तं कुठं राहील?"

"बस, मंग दोन बाटलीत भागते. जेवन तुह्या बागेत करतो. नानाले सांगून ठेव."

फोन ठेवल्यावर मी स्वतःले काय सांगितलं ते ऐक. हा एवढ्या उन्हात अर्ध्यातून परत येईल. तू आयुष्यात कधी अर्ध्यातून परत आला नव्हता, हे माझ्याइतकं कोणाले माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कूलरसमोर बसलो होतो. फोन टेबलावर होता. तुझं नाव आलं, फोन थरथरला आणि थांबला. मले समजलं, हा बागेवर पोहोचला. आता हसेल माझ्यावर. मी उचलला नाही. थोड्या वेळानं परत आला, नाही उचलला. तिसऱ्यांदा आला तवा मी फोन उलटा करून ठेवला. मले वाटलं तू माझी जिरवाले फोन करून राहिला. तुले पाणी पाहिजे असेल, ही गोष्ट भूगोलाच्या मास्तरच्या डोक्यात आली नाही. असं मी लोकांना सांगितलं असतं. खरं हे आहे की आली, आणि तरी मी फोन उलटा केला.

बागेच्या मागच्या अंगाले नाला आहे. नाला उतरून पलीकडं गेलं की दहा मिनिटांवर शेजाऱ्याच्या वावरात सिमेंटचं टाकं आहे, जनावरांसाठी भरलेलं असते. नकाशावर ते नाही, कारण तिकडं तुझं चाक कधी गेलं नव्हतं. तुले नानाचा नंबर माहीत नव्हता. मले टाकं बी माहीत होतं आणि नंबर बी. एक फोन उचलायचा होता.

संध्याकाळी वांग्याचा टेम्पो घेऊन जाणाऱ्या नवरा-बायकोले तू रस्त्याच्या कडेले पडलेला सापडला, बागेपासून कोसभर इकडं. त्यांनी वांग्याची पोती खाली फेकली आणि तुले टाकलं. आधी वरूड, मग अमरावती. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आलो. निखिल होता, ग्रुपचे चार जण होते, भाभी पायाशी बसली होती. तुझे ओठ फाटले होते. निखिलनं विचारलं, "हमीदभाई, झालं काय?"

तू माझ्याकडं पाहिलं. चांगलं पाहिलं. मग निखिलले म्हणाला, "रस्ता चुकलो यार."

आणि मी काय केलं हमीद? तू मले बाहेर पडाले दार उघडून दिलं आणि मी त्या दारातून नुसता निघून नाही गेलो, जाताना तुले लाथ बी मारली. साऱ्यांसमोर म्हटलं, "तरी सांगत होतो बे, तुझा नकाशा भंगार आहे."

चौघं हसले, माणूस वाचला या आनंदात हसले. तू बी हसाले गेला आणि तुले खोकला आला. भाभी हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेला. आपल्यातलं शेवटचं वाक्य ते आहे, माझं. त्यावर तुझं उत्तर बाकीच राहिलं.

मग चाळीस दिवस मी एक मोठी करामत केली. मी खरं मानाले लागलो की तू रस्ता चुकला. माणूस चुकू शकते. वय झालं, ऊन होतं. सापडला तो रस्त्यावर, बागेत नाही. फोन भलत्याच कामासाठी केला असेल. हे असं रोज थोडं थोडं मी स्वतःले पाजत गेलो, आणि चाळीसाव्यापर्यंत मले ते चढलं होतं. म्हणून रविवारी हात सहज वर गेला.

पण ग्रुपले एक गोष्ट पाहिजे होती. नकाशा तुझा नको, पण तुझ्या फोनमध्ये इतक्या वर्षांचे फिरलेले ट्रॅक जमा आहेत, ते पाहिजे. नव्या देखण्या नकाशात पांदणी नाहीतच, त्या तुझ्या फोनमधून काढून भरायच्या. निखिल म्हणाला, सर, तुमचे घरचे संबंध आहेत, तुम्ही वहिनींकडून फोन आणा. सोमवारी मी तुझ्या घरी गेलो.

सायराभाभीनं फोन आधीच चार्ज करून ठेवला होता. "मले मालूम होतं, तुमी येसान," ती म्हणाली. "चाळीस दिवसांत येसान असं वाटलं होतं. नाही आले."

मी फोन घेतला. ती म्हणाली, "इथंच खोला. फोटो पहा शेवटचा."

शेवटच्या फोटोत तुझी सायकल होती. विहिरीवरच्या मोटारघराच्या भिंतीले टेकवलेली. भिंतीवर माझ्या बापाचं नाव, रंग उडालेला, पण वाचता येते. मागं उघडं वावर, तुरीची वाळली खुंटं, आणि जिथवर नजर जाते तिथवर एक झाड नाही. सायकलीच्या हँडलले रिकामी बाटली लटकलेली.

"ते चुकले नव्हते," भाभी म्हणाली. "पोचले होते. मले दवाखान्यात सांगितलं. म्हने, मास्तरची बाग तुटली. त्याले विचारू नको, कोनाले सांगू बी नको. त्याले लय बुरं वाटंन. मी चुकलो म्हनून सांगतो, माहं काय जाते?"

माहं काय जाते. तुझं सारंच गेलं बे त्यात.

मी काहीतरी बोलाले तोंड उघडलं. तिनं हातानं थांबवलं. "मी बी सांगते एक. मागच्या साली तुमी संत्री आनली, त्यातल्या एकावर व्यापाऱ्याचं स्टिकर होतं. मी उचकटून फेकलं. मले वाटलं, मास्तर इज्जतीखातर करते, करू द्या. त्यांना बोलली असती तं ते तिकडं जेवाले गेले नसते. मी तुमची इज्जत ठेवली, त्यांनी तुमची इज्जत ठेवली. आता तुमी पहा काय करता ते. आन मास्तर, फोन पोचवाले येऊ नका. कोनाच्या हाती पाठवून द्या."

चहा तिनं विचारला नाही. त्या घरात बिनचहाचा मी पहिल्यांदाच निघालो.

घरी येऊन नकाशा उघडला. तुझी शेवटची दुरुस्ती फोनमध्येच अडकून होती, बागेवर रेंज नव्हती म्हणून वर गेलीच नव्हती, आणि मग हातानं परत पाठवावी लागते ती पाठवाले तू उरला नाही. तीन फोन केले ते चढावर जाऊन रेंज शोधून केले असशील, म्हणूनच तू बागेपासून दूर सापडला. त्या उन्हात, रिकाम्या बाटलीसोबत, तू आधी आपलं काम केलं होतं. 'सावली' खोडली होती. 'पाणी' खोडलं होतं, नळाचं चिन्ह काढलं होतं, म्हणजे पुढं येणारा कोणी त्या भरवशावर मरू नये. 'मास्तरची बाग' मात्र तशीच ठेवली होती. तुझ्या नियमात न बसणारी तेवढी एक खोटी गवाही तू दिली, आणि ती माझ्यासाठी दिली. मले त्याबद्दल तुझे उपकार मानावे वाटतात आणि त्याच वेळी तुझी गचांडी धरावी वाटते. कायले केलं बे? एवढा कोणता मी तुझा लागून गेलो होतो?

म्हणून मी सायकल काढली. या गोष्टीले दोन दिवस लागले, तू एका दिवसात करायचा, हस. मोर्शीले मुक्काम केला. हँडलवर दोन फोन बांधले होते, एकात ग्रुपनं निवडलेला देखणा नकाशा, एकात तुझा. चांदूर बाजारच्या पुढं देखण्या नकाशानं सांगितलं की इथं रस्ता नाही. तुझ्या नकाशात होता, आणि पायाखाली बी होता. पुढं एका नाल्यावर देखणा म्हणाला सरळ जा, तुझ्यात लिहिलं होतं, पूल खचला, डावीकडून उतरा. पूल खचलेलाच होता. कुठं काळी माती, कुठं मुरूम, कोणतं कुत्रं चावते, कोणत्या देवळाचा ओटा थंड आहे. जे जे हातपंप तू खोडले होते ते मी एकेक हापसून पाहिले. एकातूनही थेंब आला नाही. अख्ख्या वाटेवर तुझा नकाशा एका ठिकाणी चुकीचा निघाला. ज्या ठिकाणी तू माझ्या शब्दावर भरवसा ठेवला, तिथं.

ती जागा आली. आता मी मोटारघराच्या सावलीत बसून हे लिहून राहिलो, सावली वीतभर आहे, पाय उन्हात आहेत. बाग तुटल्यावर मी इथं पहिल्यांदाच आलो. भिंतीले तुझ्या हँडलचा ओरखडा आहे, बापाच्या नावाच्या खाली. नाला उतरून टाक्यावर बी जाऊन आलो. भरलेलं होतं. दहा मिनिटं लागतात म्हणून सांगत होतो, मोजली तर सहाच लागली.

ते टाकं आधी नकाशावर टाकलं. चाक नेलं होतं सोबत, नाल्यातून ओढत नेलं, नियम म्हणजे नियम. तुझा फोटो आणि हे सारं लिहिणं चढावर जाऊन ग्रुपवर टाकणार आहे. कोणता नकाशा निवडायचा ते त्यांनी परत ठरवावं, मास्तरले विचारू नये. भाभीले याची एक प्रत तुझ्या फोनसोबत पाठवीन, मी जाणार नाही, तिनं नाही म्हटलं आहे. तू वर गेल्यावर तरी माझ्यासाठी खोटं बोलणं बंद कर, एवढंच तुले सांगणं आहे.

एक काम राहिलं. तुझी अडकलेली दुरुस्ती मी तशीच वर जाऊ देणार. मग 'मास्तरची बाग' माझ्या नावानं, माझ्या हातानं काढणार. नकाशा असाच खोडू देत नाही, एक चौकट पुढं करते आणि विचारते, ही जागा काहून काढून राहिले. तिथं जे लिहू ते जागेच्या इतिहासात कायम राहते, कोणीही उघडून वाचू शकते, आणि ते मग कोणाले खोडता येत नाही. तूच दाखवलं होतं मले.

मी लिहिलं आहे : बाग तीन वर्षांपूर्वी तुटली. हमीद इथं बरोबर पोहोचला होता. मला माहीत होतं.